पर्वतीय गावातील रिकाम्या रात्रींचा हिशेब

डोंगरात वसलेल्या पर्यटनाच्या गावात, दोन-चार रात्रींसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांवरून जेव्हा वाद पेटतो, तेव्हा सगळ्या बाजूंच्या हातात बहुधा एकच आकडा असतो. तो म्हणजे वर्षभराची सरासरी ऑक्युपन्सी, अर्थात उपलब्ध रात्रींपैकी किती टक्के रात्री घर भाड्याने गेले. घर विकणारा तो गिऱ्हाइकाला दाखवतो, कर्ज देणारा तो बघून हप्ता बांधून देतो, नगरपालिका त्यावरून आणखी परवाने द्यावेत की नाही हे ठरवते आणि या घरांना वैतागलेले रहिवासीही 'निम्मे वर्ष तर ही रिकामीच असतात' असे म्हणताना त्याचाच आधार घेतात. माझे म्हणणे असे आहे की पर्वतीय गावाच्या बाबतीत हा आकडा दिशाभूल करणारा आहे आणि त्यावर विसंबून घेतलेला निर्णय घरमालकालाही बुडवतो आणि गावालाही. असा कोणताही निर्णय महिन्या-महिन्याच्या आकड्यांवर व्हायला हवा आणि त्यात गर्दीच्या रात्री व रिकाम्या रात्री या दोन स्वतंत्र गोष्टी म्हणून मोजल्या जायला हव्यात.

एक कल्पित गाव घेऊन पाहू. समजा तिथे अशी १,००० घरे आहेत आणि प्रत्येकात चार माणसे उतरतात. वर्षातल्या १०० रात्री ९५ टक्के घरे भरलेली असतात, उरलेल्या २६५ रात्री फक्त ३५ टक्के. वर्षाची सरासरी सुमारे ५१ टक्के येते. आता असे दुसरे गाव घ्या जिथे वर्षभर रोज सुमारे ५१ टक्केच घरे भरतात. कागदावर दोन्ही गावे सारखी आहेत, पण दुसऱ्या गावात रोज दोन हजारांच्या आसपास पाहुणे असतात, तर पहिल्यात कधी ३,८०० आणि कधी १,४००. पाण्याची टाकी, सांडपाण्याचा प्रकल्प, कचऱ्याच्या गाड्या, दवाखान्यातल्या खाटा आणि वाहनतळ हे सारे पहिल्या गावाला ३,८०० लोकांसाठी उभारावे लागते आणि वर्षातले जवळजवळ नऊ महिने ते मोठ्या अंशी रिकामे चालवावे लागते. हा खर्च सरासरीच्या आकड्यात कुठेही दिसत नाही. शिवाय ती सरासरी काढताना छेद कोणता घेतला हेही क्वचितच सांगितले जाते. मालकाने स्वतःच्या वापरासाठी अडवून ठेवलेल्या रात्री 'उपलब्ध' धरल्या नाहीत, तर तेच घर कागदावर बरेच जास्त भरलेले दिसू लागते.

शहरातल्या मागणीलाही चढउतार असतातच, परंतु तिथे नोकरी, उपचार, परीक्षा, न्यायालय, लग्न अशी येण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि एक आटले तरी दुसरे चालू राहते. डोंगरातल्या गावाला कारणे मोजकीच असतात आणि ती बहुतेक एकाच वेळी चालू होतात, एकाच वेळी बंद होतात. कुठे बर्फ असतो, कुठे मैदानी प्रदेशातला उन्हाळा असह्य होतो, कुठे फुले किंवा पानगळ पाहायची असते. उत्तर अमेरिकेतल्या रॉकी पर्वतरांगेत हिवाळी आणि उन्हाळी असे दोन हंगाम असतात आणि त्यांच्या मधल्या वसंतातल्या काळाला तिथले लोक चिखलाचा हंगाम म्हणतात, कारण बर्फ वितळलेला असतो आणि पायवाटा अजून वाळलेल्या नसतात. हिमालयात मे आणि जूनमध्ये रस्ते तुंबतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये दरडींच्या भीतीने माणसे फिरकत नाहीत. ही मंदी जाहिरात कमी पडल्यामुळे आलेली नसते. ती जमिनीच्या आणि हवामानाच्या स्वभावातून आलेली असते.

निसर्गाइतकाच मोठा वाटा शाळांच्या वेळापत्रकाचा आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. कुटुंबे सुट्टी लागली की निघतात आणि सगळ्यांना एकाच आठवड्यात सुट्टी लागली तर सगळे एकाच आठवड्यात घाट चढतात. फ्रान्सने यावर फार पूर्वीच विचार केला. तिथे देशाचे तीन विभाग केलेले आहेत आणि हिवाळ्याच्या व वसंताच्या शालेय सुट्ट्या प्रत्येक विभागात वेगवेगळ्या आठवड्यांत येतात, त्यामुळे आल्प्समधली गर्दी दोन आठवड्यांत कोंबली जाण्याऐवजी चार आठवड्यांवर पसरते. जर्मनीतही राज्याराज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या एकमेकींपासून सरकवलेल्या असतात. मागणीचा आकार हा काही प्रमाणात धोरणाने बदलता येतो याचा हा माझ्या मते सर्वांत स्वच्छ पुरावा आहे. खेदाची गोष्ट एवढीच की ते धोरण डोंगरातल्या नगरपालिकेच्या हातात नसते. ते खाली, राजधानीत, शिक्षण खात्याच्या टेबलावर ठरते, आणि तिथे पर्वतीय गावाचा आवाज सहसा पोहोचत नाही.

आता घरमालकाच्या बाजूने पाहू, कारण सरासरीच्या आकड्याने पहिला बळी त्याचाच जातो. गर्दीच्या हंगामातले बुकिंग कित्येक महिने आधी होते, भाव चढे असतात, लोक पाच-सात रात्री राहतात आणि दोन पाहुण्यांच्या मधे एखाद-दुसरी रात्रच वाया जाते. मंदीच्या काळातले बुकिंग दोन-तीन दिवस आधी, हवामानाचा अंदाज पाहून होते. पाहुणा एक किंवा दोन रात्रींसाठी येतो आणि भाव पाडून मागतो. सफाई, चादरी-टॉवेलांची धुलाई, चावी देण्याची व्यवस्था हा खर्च रात्रीमागे नसून दर मुक्कामामागे असतो. त्यामुळे मंदीतल्या दोन रात्रींच्या मुक्कामातून हातात राहणारी रक्कम हंगामातल्या सहा रात्रींच्या मुक्कामाच्या एक तृतीयांशही नसते. घर थंड प्रदेशात असेल तर ते गरम ठेवण्याचा खर्च वेगळा. म्हणजे 'भरलेली रात्र' हे एकसारखे नाणे नाही, आणि भाव तोडून ऑक्युपन्सी वाढवणारा मालक पुष्कळदा फक्त घराची झीज वाढवत असतो. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने सारखाच येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट नव्या घरांची आहे, आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे. हंगामाच्या शिखरावर मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त असते. खोली न मिळाल्याने परत जाणारे लोक असतात. अशा वेळी गावात आणखी १०० घरे भाड्याला आली तर तीही हंगामात भरतात आणि जुन्या घरांच्या हंगामी आकड्यांवर काहीच परिणाम दिसत नाही. मंदीच्या महिन्यांत मात्र येणारी माणसे तेवढीच असतात आणि ती आता जास्त घरांत वाटली जातात. म्हणजे पुरवठा वाढल्याची पहिली खूण शिखरावर कधीच दिसत नाही, ती दरीत दिसते. जो गुंतवणूकदार हंगामात गाव पाहायला येतो, त्याला सगळीकडे 'जागा नाही' असेच ऐकू येते आणि तो घर घेतो. त्याच्या पाठोपाठ पुढचा येतो. वर्षाची सरासरीही हळूहळूच खाली येत असल्यामुळे धोक्याची जाणीव व्हायला दोन-तीन वर्षे जातात, आणि तोपर्यंत घरांच्या किमती हंगामातल्या उत्पन्नाच्या हिशेबाने चढून बसलेल्या असतात. मे महिन्यातली किंवा डिसेंबरातली गर्दी पाहून डोंगरात घर घेऊ नये. ते रिकाम्या महिन्यात, निदान दोनदा जाऊन पाहावे आणि मग ठरवावे, असे मी कोणालाही आग्रहाने सांगेन.

आणि शिखर तरी खात्रीचे कुठे आहे? आल्प्समध्ये स्कीइंगचे केंद्र टिकायचे तर वर्षातून निदान १०० दिवस ३० सेंटिमीटर बर्फ हवा, असा एक व्यावहारिक ठोकताळा आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २००७ मध्ये केलेल्या अभ्यासात आल्प्समधल्या ६६६ स्की केंद्रांपैकी ६०९ केंद्रांना नैसर्गिक बर्फाची खात्री असल्याचे आढळले होते. तापमान दोन अंश सेल्सिअसने वाढले तर ही संख्या ४०४ पर्यंत आणि चार अंशांनी वाढले तर २०२ पर्यंत खाली येईल, असा त्यांचा अंदाज होता. २०२३ च्या जानेवारीच्या आरंभी कमी उंचीवरच्या अनेक आल्पाइन केंद्रांना उतार बंद ठेवावे लागले. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बराच काळ बर्फाविना राहिले आणि लोकांनी बुकिंग रद्द केले. बर्फ न पडल्यास गावातले एखादे घर नव्हे, सगळीच घरे एकाच आठवड्यात रिकामी होतात. धोका वाटून घ्यायला कोणी उरत नाही. मागच्या दहा वर्षांची सरासरी पुढच्या दहा वर्षांसाठी धरणे हे अशा ठिकाणी सरळ सरळ चुकीचे आहे.

गावावर पडणाऱ्या भाराविषयी लिहिताना मला शिमल्याची आठवण टाळता येत नाही. २०१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस, पर्यटनाच्या ऐन हंगामात, तिथले पाणी आटले. रहिवाशांना दिवसेंदिवस टँकरची वाट पाहत उभे राहावे लागले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि पर्यटकांनी तूर्त येऊ नये असे आवाहन रहिवासी करू लागले. त्या संकटाला हिवाळ्यातला कमी बर्फ, आटलेले झरे आणि गळक्या वाहिन्या अशी अनेक कारणे होती आणि त्याचे खापर भाड्याच्या घरांवर फोडणे अन्यायाचे होईल. पण टंचाईचा महिना आणि गर्दीचा महिना एकच असतो, हे डोंगरातले मूलभूत दुखणे त्यातून उघडे पडले. उटी आणि कोडाईकनालसाठी मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ च्या मे महिन्यापासून ई-पास सक्तीचा केला आणि २०२५ च्या उन्हाळी हंगामासाठी वाहनांची कमाल संख्याही ठरवून दिली: निलगिरीत आठवड्याच्या कामाच्या दिवशी ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,०००. न्यायालयाने रोजचा आकडा ठरवला, वर्षाचा नाही, आणि तेच योग्य होते. रस्त्याला वर्षाची सरासरी कळत नाही.

दुसऱ्या टोकाला रिकाम्या घरांचा प्रश्न आहे. स्वित्झर्लंडमध्ये क्वचित वापरल्या जाणाऱ्या अशा घरांसाठी 'थंड पलंग' असा शब्दप्रयोग रूढ आहे. ११ मार्च २०१२ रोजी तिथल्या मतदारांनी ५०.६ टक्के मतांनी एक घटनादुरुस्ती मंजूर केली, जिच्यानुसार ज्या गावात दुय्यम घरांचे, म्हणजे जिथे कोणी कायमचे राहत नाही अशा घरांचे, प्रमाण २० टक्क्यांच्या वर आहे तिथे नवी दुय्यम घरे बांधता येत नाहीत. २०१६ पासून अमलात आलेल्या कायद्यात त्यातून पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या काही घरांना सवलत ठेवली गेली, परंतु ती कोणाला हे पाहण्यासारखे आहे: जिथे मालक स्वतः त्याच इमारतीत राहतो, किंवा जिथे घर हॉटेलसारख्या संघटित व्यवस्थेचा भाग आहे. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. वरच्या मजल्यावर राहून खालच्या दोन खोल्या हंगामात पाहुण्यांना देणारे कुटुंब आणि दूरच्या शहरात बसून पाच सदनिकांचे बुकिंग मोबाइलवर हाताळणारा गुंतवणूकदार यांना एकाच परवान्याच्या नियमात बसवणे हा अन्याय आहे. पहिल्याचे घर रिकाम्या महिन्यांतही जिवंत असते. त्याची मुले गावातल्या शाळेत असतात, दरड कोसळली तर फावडे घेऊन तो धावतो. दुसऱ्याचे घर ऑफ-सीझनला अंधारात असते आणि रस्त्यावरची अशी चार घरे अंधारात गेली की पाचव्या घरात राहणाऱ्यालाही तिथे राहणे नकोसे होते.

सर्वांत जास्त सोसावे लागते ते काम करणाऱ्यांना. हंगामात खानसामे, सफाई कामगार, वाटाडे, चालक, परिचारिका यांची गरज सर्वाधिक असते आणि नेमकी त्याच वेळी भाड्याची प्रत्येक खोली पाहुण्यांसाठी महाग झालेली असते. वर्षभराच्या करारावर घर मागणारा शिक्षक, १०० रात्रींत वर्षाचे उत्पन्न काढू पाहणाऱ्या मालकासमोर टिकत नाही. मालक घर २६५ रात्री बहुतांशी रिकामे ठेवून त्याच्याकडून मिळाले असते त्याहून अधिक कमावतो. ज्या आर्थिक व्यवस्थेत घर रिकामे ठेवणे हे घर राहायला देण्यापेक्षा किफायतशीर ठरते, तिच्यात गावाने हस्तक्षेप करायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे. कॅनडातल्या व्हिसलरने हे लवकर ओळखले. तिथे १९९७ मध्ये कर्मचाऱ्यांच्या घरांसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि निदान ७५ टक्के कर्मचारी गावाच्या हद्दीतच राहावेत हे उद्दिष्ट ठेवले गेले. त्याच गावात पर्यटकांसाठीच्या काही इमारतींत उलट बाजूचे बंधन आहे: मालकाने ते घर स्वतःसाठी हिवाळ्यात २८ आणि उन्हाळ्यात २८ दिवसच वापरावे आणि बाकीचा काळ ते भाड्यासाठी खुले ठेवावे. म्हणजे राहण्याची घरे राहणाऱ्यांसाठी आणि पाहुण्यांची घरे खरोखर पाहुण्यांसाठी, अशी विभागणी. बॅन्फ हे राष्ट्रीय उद्यानाच्या आत वसलेले गाव तर आणखी पुढे जाते. तिथे राहायचे तर तिथे नोकरी किंवा व्यवसाय असावा लागतो.

यावर नेहमीचे उत्तर असे असते की रिकामे महिने भरून काढा म्हणजे सगळेच प्रश्न सुटतील. महोत्सव भरवा, परिषदा आणा, लॅपटॉप घेऊन महिनाभर राहणाऱ्यांना बोलवा. या उपायांत तथ्य नाही असे नाही. महिनाभर राहणारा पाहुणा सफाईचा खर्च कमी करतो आणि गर्दी न वाढवता घर वापरात ठेवतो, त्याचे स्वागतच व्हावे. परंतु बारा महिन्यांचा हंगाम करण्याचा जो हट्ट दिसतो तो मला मान्य नाही. रज्जुमार्गांची तपासणी आणि दुरुस्ती याच मधल्या काळात होते, वाटांची डागडुजी होते, झऱ्यांना पाणी भरते, वन्य प्राणी पुन्हा खाली उतरतात आणि हंगामात रोज बारा-चौदा तास राबलेली माणसे झोप काढतात. त्यात, गावाची जाहिरात एका महिन्यापुरती मर्यादित राहत नाही. पानगळीच्या छायाचित्राला भुललेले कुटुंब शाळेच्या सुट्टीतच येते. ऑफ-सीझन भरण्यासाठी केलेला खर्च पुष्कळदा शिखर आणखी उंच करतो. रिकाम्या रात्रींपैकी काही रात्री रिकाम्या राहणे हेच गावाच्या आणि डोंगराच्या हिताचे आहे, हे मान्य करूनच हिशेब मांडायला हवा. मग प्रश्न एवढाच उरतो की त्या रिकामेपणाची किंमत कोणी भरायची.

माझ्या मते ती शिखराच्या रात्रींनी भरावी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या स्टीमबोट स्प्रिंग्ज या गावाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये अल्पकालीन भाड्यावर ९ टक्के कर मंजूर केला आणि त्यातून परवडणाऱ्या घरांसाठी पैसा उभा करण्याचे ठरवले. दिशा बरोबर आहे, मात्र सर्व रात्रींना एकच दर लावण्यापेक्षा गर्दीच्या रात्रींना जास्त आणि मंदीच्या रात्रींना नाममात्र दर लावला तर तो भाराच्या प्रमाणात पडेल. त्याच राज्यातल्या ब्रेकेनरिजने २०२१ मध्ये बहुतांश परवान्यांवर २,२०० ची मर्यादा घातली. अशा मर्यादेवर आक्षेप घेतला जातो की ती आधी आलेल्यांना बक्षीस देते आणि उशिरा आलेल्यांना दाराबाहेर ठेवते. आक्षेप खरा आहे. म्हणून परवाना घराला चिकटलेला नसावा, विक्रीबरोबर तो संपावा, आणि मर्यादा ठरवताना 'शिखराच्या रात्री पाणी, सांडपाणी आणि रस्ता किती माणसे पेलू शकतात' हा प्रश्न आधी सोडवलेला असावा. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०२४ च्या कायद्याने गावांना असा अधिकार दिला की मुख्य निवासस्थान वर्षातून १२० ऐवजी ९० दिवसच पर्यटकांना भाड्याने देता येईल, आणि काही गावांना नवे बांधकाम केवळ मुख्य निवासस्थानांसाठी राखून ठेवण्याचीही मुभा दिली. दिवसांच्या मर्यादेबाबत मात्र मला शंका आहे: ९० दिवसांची मुभा मिळाली तर कोणताही शहाणा मालक ते ९० दिवस हंगामातलेच निवडणार, आणि गावाच्या शिखरावर काडीचाही फरक पडणार नाही.

कोलोरॅडोतल्याच व्हेलने निवडलेला मार्ग मला सर्वांत सभ्य वाटतो. तिथे गाव घरमालकाला रोख मोबदला देते आणि त्या बदल्यात घराच्या खरेदीखतावर कायमची अट नोंदवली जाते की या घरात त्या परिसरात काम करणारी व्यक्तीच राहील. कोणाचे घर हिरावले जात नाही, कोणाला गुन्हेगार ठरवले जात नाही, आणि एकेक करून घरे पुन्हा राहती होतात. शिखराच्या रात्रींवरचा कर अशा खरेदीसाठी वापरला, तर हंगामातल्या पाहुण्याच्या पैशातून ऑफ-सीझनमधला दिवा पेटता राहील.

परंतु हे सर्व मोजमापाशिवाय होणार नाही, आणि आज बहुतेक पर्वतीय गावांना आपल्याकडे अशी किती घरे आहेत, ती कोणत्या महिन्यात किती रात्री गेली, हे बुकिंग कंपन्यांकडून कळतच नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या नियमानुसार मे २०२६ पासून सदस्य देशांत जिथे नोंदणी लागू आहे तिथे प्रत्येक घराला नोंदणी क्रमांक असेल आणि कंपन्यांना किती रात्री व किती पाहुणे याची माहिती ठरावीक काळाने प्रशासनाला द्यावी लागेल; मोठ्या कंपन्यांना ती दर महिन्याला द्यायची आहे. महिना हा एकक त्यांनी निवडला, याचे मला समाधान आहे. इतर देशांतल्या पर्वतीय नगरपालिकांनीही परवान्याच्या अर्जात एवढी एक अट आजच घालावी: बाराही महिन्यांच्या भरलेल्या, रिकाम्या आणि मालकाने अडवलेल्या रात्री स्वतंत्र रकान्यांत लिहून द्याव्यात, त्या गावाच्या फलकावर एकत्रित रूपात लावल्या जाव्यात, आणि पुढचा परवाना देण्याआधी सभेने तो फलक वाचावा.